रेणूंचे गणित आणि प्रवासाची बिले

संगणकीय रसायनशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांना परिषदेस जाण्यासाठी मिळणारे प्रवास-अनुदान हा कृषी विस्ताराच्या कक्षेतला विषय नव्हे, असे प्रथमदर्शनी वाटेल. कपाशीत कामगंध सापळा लावणाऱ्याने मात्र तो आपला मानावा. गुलाबी बोंडअळीच्या ल्युअरमधील गॉसीप्ल्युअर हे दोन रेणूंचे जवळपास समप्रमाणातील मिश्रण असते. दोन्हींतील अणू तेच आणि तितकेच. केवळ एका दुहेरी बंधापाशी साखळीचे वळण निराळे. नर पतंगाला हा फरक कळतो. त्याच्या शृंगिकेतील प्रथिने अशा रेणूला कशी धरतात, याचे गणित संगणकावर मांडणे हे या शास्त्राचे एक काम. २०१३ चे रसायनशास्त्राचे नोबेल कार्प्लस, लेविट आणि वॉर्शेल यांना अशाच प्रारूपांच्या पायाभरणीसाठी मिळाले.

कीटकनाशकांना येणारा प्रतिकारही येथेच उलगडतो. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल किडीच्या स्नायूंतील रायनोडिन ग्राहीवर काम करते. कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगात त्या ग्राहीतील एकच अमिनो आम्ल बदलले, ग्लायसिनच्या जागी ग्लुटामिक आम्ल आले, आणि औषध निष्प्रभ होऊ लागले. थायलंड व फिलिपाइन्समधील किडींत हा बदल आढळल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या एका बदलाने पकड का सुटते, हे समजण्यास रेणूचे प्रारूप उपयोगी पडते. परंतु प्रारूप मांडणाऱ्याने जिवंत अळी पाहिलेली असतेच असे नाही. आणि शेतात अळ्या मोजणारा त्या गणिताकडे सहसा फिरकत नाही.

परिषदेचे मोल या दोघांच्या भेटीत आहे. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या संगणकीय विभागात केमिकल कम्प्युटिंग ग्रुप या कंपनीच्या साहाय्याने तेथील संशोधक विद्यार्थ्यांना प्रवासखर्च आणि रेणू-प्रारूपणाच्या सॉफ्टवेअरचा परवाना दिला जातो. विद्यार्थ्याने त्या विभागात आपले भित्तिपत्रक मांडावयाचे असते. त्याच सोसायटीच्या अधिवेशनात कृषिरसायनांचा विभागही भरतो. रेणूंचे गणित करणारी विद्यार्थिनी दुपारी शेजारच्या दालनात गेली, तर कीटकनाशकांवर आयुष्य घालवलेली माणसे तिला तेथे भेटतात. व्याख्यान घरबसल्या पडद्यावर ऐकता येते. ही गाठ पडद्यावर पडत नाही.

आपल्याकडेही परदेशी परिषदांसाठी केंद्रीय योजना आहेत आणि त्यांतून विमानभाडे मिळते. अडचण निराळीच आहे. असा पैसा बहुधा प्रवास उरकल्यावर, बिले तपासून मिळतो. कनिष्ठ संशोधकाची शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये; अमेरिकेचे जाण्यायेण्याचे तिकीट, व्हिसा आणि नोंदणी यांतच दोन-तीन महिन्यांची शिष्यवृत्ती खर्ची पडते, तीही वेळेवर जमा झाली तर. पगारदार पालकांच्या मुलाला ही रक्कम काही महिने अडकवून ठेवणे जमते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीने ऐन खरिपाच्या तोंडावर घरी हात कसा पसरावा? निवडपत्र हाती असूनही ती गेली नाही, तर त्याची नोंद कोठेच होत नाही. म्हणून मंजुरीबरोबरच निम्म्याहून अधिक रक्कम आगाऊ द्यावी आणि हिशेब मागाहून घ्यावा. उचल बुडण्याची भीती लेखा विभागाने बाळगू नये. विद्यार्थ्याची पदवी संस्थेच्याच हाती असते.

दुसरी उणीव दिशेची. प्रवास म्हटला की विमान आणि परदेश, हे समीकरण अनुदान देणाऱ्यांच्याही मनात घट्ट बसले आहे. देशात ७०० हून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत. पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या प्रयोगशाळेत ग्राहींची प्रारूपे मांडणाऱ्याला कपाशीच्या हंगामात आठ दिवस अशा एखाद्या केंद्रावर राहण्यासाठी रेल्वेभाडे आणि भत्ता मिळावा. एका परदेशी तिकिटाच्या खर्चात असे कितीतरी जण येऊ शकतील. तेथील विषयतज्ज्ञाने त्यांच्यासमवेत सापळे तपासावेत, डोमकळ्या उकलून दाखवाव्यात आणि कोणते औषध कोणत्या गावात चालेनासे झाले, ते सांगावे. ही माहिती विस्तार कार्यकर्त्याच्या वहीत असते. शोधनिबंधात ती पोहोचलेली नसते.