शेरा नको, कारण ऐका

गाडी घ्यायची ठरली की पूर्वी घरात पहिला प्रश्न असायचा, "ती कुणाकडे आहे?" आता प्रश्न असतो, "अमका तिच्याबद्दल काय म्हणतो?" हा अमका म्हणजे टीव्हीवर नाहीतर फोनवर गाड्या चालवून दाखवणारा आणि त्यांच्यावर ठणकावून मत देणारा निवेदक. तंजावरच्या मराठी घरांतही तेच चाललंय. तमिळमध्ये पाहतात, इंग्रजीत पाहतात आणि निर्णय मराठीत घेतात.

पाहू नका, असं मी म्हणणार नाही. मीही पाहतो आणि मजेत पाहतो. कंपनीच्या माहितीपत्रकात प्रत्येक गाडी उत्तम असते, शोरूममधल्या मुलाला प्रत्येक गाडी उत्तमच म्हणावी लागते आणि मेव्हण्याला स्वतःची सोडून दुसरी कुठलीच गाडी पटत नाही. अशात कुणीतरी तोंडावर सांगतो की हिचं स्टिअरिंग निर्जीव आहे, प्लास्टिक हलकं आहे, एवढ्या पैशांत हिच्या वाटेला जाऊ नका. आपल्या वतीने कुणीतरी कंपनीशी भांडतंय असं वाटतं आणि बरं वाटतं. पण इथेच एक गोष्ट घडते. तो गाडीबद्दल काय बोलला हे आपण विसरतो, तो कसा बोलला हे लक्षात राहतं.

या मंडळींचा मेरुमणी म्हणजे ब्रिटनचा जेरेमी क्लार्कसन. बीबीसीच्या 'टॉप गिअर'ला 2002 साली नवं रूप मिळालं आणि पुढे क्लार्कसन, हॅमंड आणि मे हे निवेदकांचं त्रिकूट जगभर पोचलं. मार्च 2015 मध्ये हॉटेलात गरम जेवण मिळालं नाही म्हणून त्याने कार्यक्रमाच्या निर्मात्यावर हात टाकला. बीबीसीने त्याला घरी बसवलं, तर 10 लाखांहून जास्त लोकांनी त्याच्या बाजूने सह्या केल्या आणि त्या चक्क रणगाड्यासारख्या लष्करी गाडीवरून बीबीसीच्या दारात नेण्यात आल्या. शिव्या मिळाल्या त्या मार खाल्लेल्या निर्मात्याला. बीबीसीने पुढे क्लार्कसनचा करार वाढवला नाही, ही गोष्ट वेगळी. सांगायचा मुद्दा असा की माणूस आवडला की त्याचं सगळंच बरोबर वाटू लागतं, मग गाडीबद्दलचं मत तर किरकोळच.

त्याच कार्यक्रमाची दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. 2008 च्या डिसेंबरात क्लार्कसनने टेस्लाची रोडस्टर ही विजेवरची गाडी चालवून दाखवली. कंपनी एका चार्जमध्ये सुमारे 200 मैल सांगत होती. कार्यक्रमात सांगितलं गेलं की त्यांच्या ट्रॅकवर ती 55 मैलांतच संपेल, आणि गाडी ढकलत शेडमध्ये नेतानाचं दृश्य दाखवलं. टेस्लाचं म्हणणं असं की गाडीचा चार्ज 20 टक्क्यांच्या खाली गेलाच नव्हता. 2011 साली कंपनी कोर्टात गेली आणि हरली, 2013 साली अपिलातही हरली. न्यायमूर्तींच्या म्हणण्याचा आशय असा होता की ट्रॅकवर बेफाम पळवलेल्या गाडीवरून ती साध्या रस्त्यावर किती चालेल याचा अंदाज कुठलाही समंजस प्रेक्षक बांधणार नाही.

कोर्टाने आपल्याला फारच शहाणं धरलं! आपण नेमका तोच अंदाज बांधतो. म्हणून माझी पहिली विनंती एवढीच की निवेदकाचा शेरा सोडा, त्यामागचं कारण धरा. गाडी "कंटाळवाणी" आहे असं तो म्हणाला, तर का म्हणाला? तिसऱ्या गिअरमध्ये वळणावर तिला जोर नाही म्हणून? मग तुमच्या वडिलांना त्याने काय फरक पडतो? ते कुंभकोणमला जाताना अय्यमपेट्टैच्या गर्दीतून दुसऱ्या गिअरवरच जाणार आहेत. उलट मागच्या सीटवर मांडीला आधार नाही, असं तो ओझरतं बोलून पुढे गेला असेल, तर ते वाक्य कागदावर लिहून ठेवा. तुमच्या कामाचं तेवढंच होतं.

आपल्याकडे गाड्या पारखण्याचं काम जबाबदारीने करणारे लोक आहेत, हेही सांगायला हवं. एनडीटीव्हीवरच्या 'कार अँड बाइक शो'मुळे नावारूपाला आलेले सिद्धार्थ विनायक पाटणकर किंवा 'ऑटोकार इंडिया'चे होर्मझ्द सोराबजी मुद्द्याला धरून बोलतात. पण चांगल्यातल्या चांगल्या परीक्षकालाही नवी गाडी पहिल्यांदा मिळते ती बहुधा कंपनीच्या बोलावण्यावरून, कंपनीने निवडलेल्या रस्त्यावर आणि थोड्या वेळासाठी. तीन वर्षांनी एसीचा कॉम्प्रेसर काय म्हणतो, हे त्याला कुठून कळणार? ते कळतं ती गाडी वापरणाऱ्याला. त्याच्याकडे जा आणि त्याचं मत विचारू नका, सर्व्हिसची बिलं दाखवायला सांगा. तंजावरच्या सरफोजीराजांनी डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसकट करवून घेतल्या आणि इथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्या आजही आहेत. अशा गावातल्या माणसांना कागदाचं मोल मी वेगळं काय सांगू!

आता ज्यावर निवेदक बराच काळ गप्प होते ते सांगतो. वर्षानुवर्षं आपण ॲव्हरेज, पिकअप आणि लुक यांवरच्या चर्चा ऐकल्या. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान गाड्या भिंतीवर आदळून पाहिल्या. मारुती अल्टो 800, टाटा नॅनो, ह्युंदाई आय10, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो यांच्या साध्या, एअरबॅग नसलेल्या मॉडेलांना मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेत शून्य तारे मिळाले. काहींचा सांगाडाच टिकला नाही, म्हणजे एअरबॅग लावूनही फारसं भागलं नसतं. एवढी मोठी गोष्ट स्टिअरिंग हातात धरून कुणालाच कळली नसती, कितीही मुरलेला चालक असो. ती प्रयोगशाळेतच कळते. ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू आहे. घ्यायच्या गाडीचे तारे तिथे पाहा. त्या गाडीची चाचणी झालेली नसेल तर का नाही, हे डीलरला चारचौघांत विचारा. निवेदकाला गाडी आवडली की नाही, हे त्यानंतर पाहिलं तरी चालेल.

फोनवरच्या निवेदकांसाठी आता नियमही आहेत. कंपनीकडून पैसे, भेटवस्तू, प्रवास किंवा हॉटेलचा मुक्काम मिळाला असेल तर तसं स्पष्ट सांगायला हवं, व्हिडिओतच सांगायला हवं आणि ज्या भाषेत स्तुती केली त्याच भाषेत सांगायला हवं. ही केंद्र सरकारची जानेवारी 2023 ची मार्गदर्शक सूचना आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दंड 10 लाखांपर्यंत होऊ शकतो, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. स्तुती तमिळमध्ये आणि कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरं, असं दिसलं तर समजून जा.

घरात सतरा-अठरा वर्षांचा मुलगा असेल त्यांनी पुढचं नीट वाचावं. तो क्लार्कसन पाहत नाही. तो बाइकवाले पाहतो. सप्टेंबर 2023 मध्ये टीटीएफ वासन हा तमिळनाडूतला नावाजलेला यूट्यूबर कांचीपुरमजवळच्या महामार्गावर बाइकचं पुढचं चाक उचलायला गेला आणि आपटला. अंगावर रायडिंगचा पूर्ण पोशाख होता, तरी हात मोडला. त्याला अटक झाली आणि त्याचं लायसन्स 10 वर्षांसाठी गेलं. आपल्या मुलाकडे तो पोशाख नाही, बहुधा हेल्मेटसुद्धा टाकीवर ठेवलेलं असतं. आणि पोंगलच्या सुमाराला डेल्टातल्या रस्त्यांवर भात वाळत घातलेलं असतं, त्यावर ब्रेक लावला की काय होतं ते त्या व्हिडिओत नसतं. रागावून फोन काढून घेऊ नका. त्याच्या शेजारी बसून एक व्हिडिओ पूर्ण पाहा आणि विचारा, हा रस्ता कुठला आहे, पुढे-मागे कुणाची गाडी आहे, हे किती वेळा करून पाहिल्यावर जमलं? मुलं मूर्ख नसतात. त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

शेवटी टेस्ट ड्राइव्ह. शोरूमवाला तुम्हाला मेडिकल कॉलेज रोडवर गुळगुळीत पट्ट्यात एक चक्कर मारून आणेल. तेवढ्यावर भागवू नका. गाडी जुन्या गावात राजवीथीच्या गल्लीत न्या, तिथे ती वळते का, समोरून ऑटो आला तर मागे घेता येते का, हे पाहा. घरचे सगळे बसवा. आजी नऊवारीत चढते-उतरते कशी, हे कुठल्याही टीव्ही कार्यक्रमात दाखवत नाहीत. दुपारी दोनला एसी लावून मागच्या सीटवर स्वतः बसा. सर्व्हिस सेंटर गावात आहे की दर वेळी त्रिचीपर्यंत पन्नास-साठ किलोमीटर जायचं, तेही विचारून घ्या.

एवढं सगळं करू देत नाहीत, अशी तक्रार मी ऐकतो. दिवाळीच्या किंवा पोंगलच्या गर्दीत नाहीच करू देणार. आडी या तमिळ महिन्यात जा, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. शुभ नाही म्हणून त्या दिवसांत इथे फारसं कुणी गाडी घेत नाही, शोरूममधली मुलं रिकामी बसलेली असतात आणि हवं तितका वेळ गाडी देतात. पाहून घ्या आडीत, पैसे भरा त्यानंतरच्या आवणीत.