धाक दाखवून पाय उचलत नाहीत

घरातल्या सत्तरीच्या माणसाला व्यायामाला लावायचं ठरलं की आपण आधी भीतीचं हत्यार काढतो. ‘साखर वाढेल’, ‘गुडघे बदलावे लागतील’, ‘अंथरुणाला खिळलात तर करायचं कोणी?’ मुलं हे काळजीपोटी बोलतात, डॉक्टर अनुभवाने बोलतात, आणि ऐकणारा मान डोलावून पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालतो. मग आपण त्याला हट्टी ठरवून मोकळे होतो. खोट खरं तर आपल्या सांगण्यात आहे. नाना नोथॉफ आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लॉरा कार्स्टन्सन यांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत बोलका आहे. चालण्याचे फायदे ज्यांना सांगितले ते ज्येष्ठ, न चालण्याचे तोटे ऐकलेल्या ज्येष्ठांपेक्षा जास्त चालले; तरुणांमध्ये असा फरक आढळला नाही. पुढचा काळ थोडा उरला आहे हे उमगलं की माणूस लांबचे हिशेब सोडून जवळच्या, मनाला समाधान देणाऱ्या गोष्टींकडे वळतो, अशी कार्स्टन्सन यांची मांडणी आहे. मग पंच्याहत्तरीच्या माणसाला दहा वर्षांनी येऊ शकणाऱ्या दुखण्याचा धाक घालून हाती काय लागणार?

त्याला जवळचं कारण द्यावं लागतं. राज्य सरकारने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत केला. तिकीट माफ झालं, पण गाडीची पहिली पायरी होती तेवढीच उंच राहिली! ती चढायला मांडीत जोर लागतो, आणि गाडी सुरू होताना तोल सांभाळावा लागतो. कोणाचा हात न धरता एसटीत चढून लेकीच्या गावी जाऊन येणं, हे खरं उद्दिष्ट. त्यासाठीचा व्यायाम साधा आहे: हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीजवळ एका पायावर उभं राहणं, पायरी चढ-उतार. ‘आम्ही रोज चालतो की’ असं अनेक जण म्हणतात. चालावंच, पण तेवढ्यावर भागत नाही. ६५ वर्षांवरच्यांनी चालण्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्यासह मिश्र व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक सूत्रं सांगतात. शंभराहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात व्यायामामुळे ज्येष्ठांच्या पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. हा लाभ मुख्यतः तोल आणि उठ-बस यांवर भर देणाऱ्या व्यायामांचा होता. नुसत्या चालण्याबद्दल तसा ठोस पुरावा मिळाला नाही.

‘या वयात आता कसली ताकद वाढणार’ हा आक्षेप तर ठरलेलाच. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा रहिवाशांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा सराव केला. त्यांची ताकद सरासरी पावणेदोनशे टक्क्यांच्या जवळपास वाढली. प्रयोग छोटा होता, पण पुढे १९९४ मध्ये शंभर जणांवर झालेल्या चाचणीतही निष्कर्ष त्याच दिशेचा आला. गुडघेदुखी हे दुसरं कारण. झिजलेल्या गुडघ्यासाठी मांडीचे स्नायू बळकट करणं हा उपचाराचाच भाग मानला जातो. हृदयविकार असेल, चक्कर येत असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी, हे उघड आहे. घरातली बाई म्हणते, ‘दिवसभर राबते, आणखी व्यायाम कशाला?’ तिचं राबणं खरं आहे, पण ओट्याशी तासन्‌तास उभं राहिल्याने शीण येतो, तोल सुधारत नाही. आणि तिला सकाळी अर्धा तास मोकळा हवा असेल, तर चहा दुसऱ्या कोणी करायला हवा. तेवढं करायची घरच्यांची तयारी नसेल, तर उपदेशही करू नये.

आता मुख्य मुद्दा सोबतीचा. अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ बैठ्या माणसांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत एका गटाला आरोग्यावरची व्याख्यानं मिळाली, तर दुसऱ्या गटाने केंद्रावर येऊन प्रशिक्षकांसोबत आणि शिवाय घरीही व्यायाम केला. सरासरी २.६ वर्षांत चारशे मीटर चालण्याची क्षमता व्याख्यानं ऐकणाऱ्यांपैकी ३५.५ टक्क्यांनी गमावली, व्यायाम करणाऱ्यांपैकी ३०.१ टक्क्यांनी. फरक डोळे दिपवणारा नाही, पण स्वतःच्या पायांनी बाजारात जाणाऱ्याला तो पुरेसा मोठा आहे. आपल्याकडे याचा पुरावा दर आषाढीला रस्त्यावर उतरतो. साठी-सत्तरीतले हजारो वारकरी आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालतात. ही श्रद्धेची ताकद आहे, शिवाय जे धडधाकट तेच निघतात, असं कोणी म्हणेल. दोन्ही गोष्टी मान्य. तरीही दिंडीतली ठरलेली जागा, निघण्याची ठरलेली वेळ आणि आपण दिसलो नाही तर चौकशी करणारी माणसं, हे वर्षातून एकदा जे जमतं ते रोज अर्धा तास का जमू नये?

२०११ च्या जनगणनेनुसारच महाराष्ट्रात साठी ओलांडलेले सुमारे दहा टक्के होते. ज्येष्ठ नागरिक संघ गावोगाव आहेत, त्यांच्याकडे बसायची जागा आहे, माणसं आहेत, व्याख्यानांची तर रेलचेल आहे. महापालिका आणि नगरपालिकांनी या संघांना आठवड्यातून तीन सकाळी एक प्रशिक्षक द्यावा. संघांनी पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमपत्रिकेतलं मधुमेहावरचं एक व्याख्यान रद्द करून त्या वेळेत खुर्च्या मोकळ्या कराव्यात आणि त्यांवरून हात न टेकता उठायला शिकवावं.