विद्येचा तिसरा वाटा

दहावीचा निकाल लागतो, घरोघरी पेढे वाटले जातात, नातलगांचे अभिनंदनाचे फोन येतात. आणि पुढच्या काही महिन्यांतच त्या घरातले वातावरण पालटते. उत्तम गुण मिळवून मोठ्या उत्साहाने अकरावीच्या विज्ञान शाखेत गेलेली मुले भौतिकशास्त्राच्या पहिल्याच चाचणीत अडखळतात. सूत्रे पाठ असतात, पण गणित सुटत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची अडचण तर दुहेरी असते. काल ज्याला तो त्वरण म्हणत होता, ते आज अ‍ॅक्सलरेशन होऊन समोर उभे राहते. कल्पना ओळखीची, नाव अनोळखी! ऐंशी-शंभर मुलांच्या वर्गात हात वर करून शंका विचारण्याचे धैर्य होत नाही. मग आईवडील चांगल्या शिकवणीच्या शोधात निघतात, शुल्काचे आकडे ऐकून बचतीची जुळवाजुळव करू लागतात. या सर्व धावपळीत, मुलाच्या शेजारी बाकावर बसलेला त्याचा सहाध्यायी मात्र कोणालाच आठवत नाही.

आपल्या पूर्वजांना तो आठवत होता. विद्यार्जनाचा हिशेब मांडणारे एक प्रसिद्ध संस्कृत सुभाषित आहे. विद्येचा एक चतुर्थांश भाग आचार्यांकडून मिळतो, दुसरा विद्यार्थी स्वतःच्या बुद्धीने मिळवतो, तिसरा सहाध्यायांकडून लाभतो आणि चौथा काळाच्या ओघात उमगत जातो, असा त्याचा आशय. आचार्यांना जेवढा वाटा, तेवढाच बरोबरीने शिकणाऱ्यांना! आजच्या व्यवस्थेत पहिल्या वाट्यावर आपण पाण्यासारखा पैसा खर्च करतो आणि तिसरा वाटा, जो विनामूल्य आहे, तो वाया घालवतो.

हा वाटा प्रत्यक्षात कसा मिळतो, ते एका साध्या गणितावरून पाहू. साठ किलोग्रॅम वस्तुमानाचा माणूस लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे. लिफ्ट सेकंदाला दोन मीटर या स्थिर वेगाने वर चालली आहे. काटा किती बल दाखवील? अनेक विद्यार्थी चटकन सांगतात की, लिफ्ट वर जाते आहे, म्हणजे वजन वाढणार. शिक्षक फळ्यावर उत्तर लिहितात : ५८८ न्यूटन, म्हणजे जमिनीवर उभे असताना जेवढे तेवढेच. विद्यार्थी ते उतरवून घेतो, पण मनातली समजूत जागची हलत नाही. तेच गणित चार जणांत निघाले की, एखादी मुलगी विचारते, "अरे, लिफ्ट सुरू होताना पाय दाबल्यासारखे वाटतात, पण मधल्या मजल्यांवर काही वाटते का?" क्षणभर सगळे गप्प होतात. खरेच, मध्ये काहीच वाटत नाही! वेग आणि त्वरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या क्षणी उमगते. मग लिफ्ट दर सेकंदाला दोन मीटर प्रतिसेकंद या त्वरणाने वर जाऊ लागली तर काटा ७०८ न्यूटन दाखवील आणि तेवढेच त्वरण खालच्या दिशेने असेल तर ४६८, हे मुले आपणहून काढतात. आणि दोर तुटून लिफ्ट मुक्तपणे कोसळू लागली तर? काटा शून्यावर येईल. एका प्रश्नातून चार प्रश्न निघाले आणि चारही सुटले.

शिक्षकाला जे साधले नाही ते सोबत्याला का साधावे? यात शिक्षकाचा उणेपणा नाही. ज्याला विषय वीस वर्षांपूर्वी समजला, त्याला तो न समजण्याची अवस्था आता आठवत नाही. ज्याला तो कालच समजला, त्याला मात्र आपण नेमके कोठे ठेचकाळलो होतो ते ठाऊक असते. वाटेतला खड्डा नुकताच पार केलेला माणूसच मागून येणाऱ्याला तो अचूक दाखवू शकतो.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक एरिक मझूर यांना हा अनुभव १९९०च्या सुमारास आला. त्यांचे विद्यार्थी अवघड आकडेमोड बिनचूक करीत. परंतु बल आणि गती यांविषयी साध्या शब्दांत प्रश्न विचारले की गडबडत. मझूर समजावून थकले आणि अखेरीस त्यांनी विद्यार्थ्यांना शेजाऱ्याशी चर्चा करायला सांगितले. जे त्यांना जमले नव्हते, ते विद्यार्थ्यांनी एकमेकांना थोड्याच वेळात पटवून दिले. त्यातून त्यांनी एक शिस्तबद्ध अध्यापनपद्धती उभी केली आणि १९९७ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. पुढे २००९ साली कोलोरॅडो विद्यापीठातील जीवशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. गटातील कोणालाही प्रारंभी उत्तर ठाऊक नसले, तरी चर्चेनंतर विद्यार्थ्यांची समज वाढते. म्हणजे 'आमच्यात हुशार कोणीच नाही' ही सबबही उरली नाही!

पाश्चात्त्यांनी सांगितले की आपल्याला पटते, ही आपली जुनी खोड आहे. म्हणून एका विस्मृत इतिहासाचे स्मरण येथे करून देणे उचित ठरेल. १७८९ साली मद्रासमधील एका अनाथालयाची शाळा अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकाकडे आली. तेथील स्थानिक शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना त्यांनी पाहिली. ती रीत त्यांनी उचलली आणि मुलांनीच मुलांना शिकवण्याची पद्धत आपल्या शाळेत रुजवली. १७९७ साली लंडनमध्ये त्यांनी त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि ही रीत 'मद्रास पद्धती' या नावाने इंग्लंडमध्ये पसरली. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज गावातील मद्रास कॉलेज ही शाळा आजही ते नाव मिरवते. धूळपाटीवर धुळाक्षरे गिरवणाऱ्या पंतोजींच्या शाळा आपल्याकडेही होत्याच. मात्र केवळ अभिमानाने ऊर भरून येऊन भागणार नाही. शिक्षकांवरील खर्च वाचवण्यासाठी ती पद्धत इंग्लंडमध्ये यंत्रासारखी राबवली गेली, तेव्हा तिच्यातून नुसती घोकंपट्टी उरली, हाही त्याच इतिहासाचा धडा आहे. सहाध्यायी हा शिक्षकाला पर्याय नव्हे. तिसरा वाटा पहिल्याची जागा घेऊ शकत नाही.

आज या तिसऱ्या वाट्याच्या आड काय येते? पहिला अडसर स्पर्धेविषयीच्या चुकीच्या कल्पनेचा. 'तुझी वही कोणाला देऊ नकोस' असा उपदेश काही सुशिक्षित घरांतूनही होतो, हे खेदाने नमूद करावे लागते. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला देशभरातून वीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एवढ्या महासागरात शेजारच्या एका मित्रापासून वही लपवून आपल्या मुलाचा क्रमांक कितीसा वर सरकणार? उलट मित्राला समजावताना स्वतःच्या समजुतीतील भेगा दिसतात आणि बुजवता येतात, तो लाभ मात्र हातचा जातो. शिवाय सोळाव्या वर्षी मित्राकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहायला शिकलेला मुलगा पुढे सहकाऱ्यांकडे आणि समाजाकडे कोणत्या नजरेने पाहील? ज्या वयात जिवाभावाची मैत्री जुळायची, त्या वयात एकटेपणाचे शिक्षण आपण शुल्क भरून देत आहोत काय, याचा विचार प्रत्येक पालकाने करावा.

दुसरा अडसर अगदी अलीकडचा. प्रश्नाचे छायाचित्र काढले की भ्रमणध्वनीच्या पडद्यावर क्षणार्धात संपूर्ण उत्तर झळकते. त्या साधनाला दोष देण्याचे कारण नाही. परंतु आयते उत्तर आणि मदत यांत अंतर आहे. गृहपाठाची वही उतरवायला देणारा मित्रही तोच अपाय करतो. खरा सोबती उत्तर सांगत नाही, तो विचारतो : या वस्तूवर कोणकोणती बले लागतात? ती कोण लावते? आकृती काढलीस का? एकके जुळतात का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये, पायाभूत साक्षरता आणि अंकज्ञानाच्या संदर्भात, प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी सहाध्यायांना स्वेच्छेने आणि आनंदाने शिकवावे, असे सुचवले आहे. जे लहानग्यांसाठी उपयुक्त मानले, ते अकरावी-बारावीच्या मुलांसाठी का नको? त्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. चार विद्यार्थी, एक फळा आणि आठवड्यातील दोन संध्याकाळी एवढ्यावर ही गोष्ट उभी राहते. पथ्ये थोडीच. प्रत्येकाने आधी दहा मिनिटे स्वतः झगडावे. मग ज्याला सुटले त्याने समजावावे, ज्याला सुटले नाही त्याने निःसंकोच विचारावे. चर्चा संपली की वह्या मिटून तेच गणित प्रत्येकाने पुन्हा एकट्याने सोडवावे, म्हणजे समजले की नुसते पटले ते कळते. चौघांनाही जे अडले, ते शिक्षकांपुढे न्यावे. समजावणारा दर वेळी एकच असू नये. एरवी मागे राहणाऱ्या मुलालाही एक गणित असे द्यावे की, जे त्यानेच फळ्यावर उलगडून दाखवायचे. त्या दहा मिनिटांत त्याला जो आत्मविश्वास मिळतो, तो कोणत्याही शिकवणीत विकत मिळत नाही.

आपल्या वाचकांपैकी कित्येक जण वस्त्यांमधून अभ्यासिका चालवतात. तेथे शांतता हा नियम असतो आणि तो योग्यच आहे. पण दिवसातील एक तास बोलत अभ्यास करण्यासाठी राखून ठेवता येईल. ज्यांच्या घरी बैठकीची खोली संध्याकाळी मोकळी असते, त्यांनी ती मुलांसाठी उघडावी. दूरदर्शन संच तासभर बंद राहिला, चहाचे चार कप वाढले, एवढाच काय तो खर्च. घरातील आजोबांना भौतिकशास्त्र येत नसले तरी हरकत नाही. 'मला समजेल असे सांग पाहू' एवढे त्यांनी म्हटले तरी मुलाची खरी परीक्षा होईल.

निकालाच्या दिवशी आपण मुलाला विचारतो, "तुला किती मिळाले?" यंदा त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारून पाहू या : "तुझ्यामुळे कोणाला काय समजले?" या प्रश्नाला ज्या घरातील मुलाजवळ उत्तर असेल, त्या घराला विद्येचा तिसरा वाटा मिळाला, असे खुशाल समजावे.