छिन्नमनस्कता आणि गावाचे कर्तव्य

गोव्याच्या पेडणे तालुक्यातील इब्रामपूरसारख्या गावात एखादा विशीतला मुलगा कॉलेजात जाणे सोडून माजघरात कोंडून घेऊ लागतो, शेजारी आपल्याविषयीच कुजबुजतात म्हणून भर उन्हाळ्यात खिडकी लावून घेतो आणि कोणी समोर नसताना कोणाला तरी उत्तरे देऊ लागतो, तेव्हा घरात पहिला प्रश्न उभा राहतो तो अपराध कोणाचा हा. आजोळचा कोणी मामा असाच भ्रमिष्ट झाला होता, म्हणून आईच्या रक्तात खोट; परीक्षेवरून बाप टाकून बोलला, म्हणून बापाची चूक; आणि उभय पक्ष थकले की बाहेरची बाधा आणि देवळात कौल. हा कज्जा चालू असेतो मुलगा उपचारावाचून राहतो, आणि उपचारास जितका विलंब तितके सावरणे कठीण, हे आता पुरेपूर सिद्ध झाले आहे.

वास्तविक या कज्ज्यात दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात सत्याचा अंश आहे, परंतु अपराधी कोणीच नाही. जनुकांची ठेवण जवळजवळ तंतोतंत सारखी असलेल्या जुळ्यांपैकी एकास छिन्नमनस्कता, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत स्किझोफ्रेनिया, जडली तर दुसऱ्यासही ती जडण्याचे प्रमाण जुन्या पाहण्यांत निम्म्याच्या घरात आणि अलीकडच्या पाहण्यांत त्याहून कमी भरले आहे. सर्वसाधारण लोकांतील शेकडा एकाच्या आसपासच्या प्रमाणाशी ताडून पाहता हा आकडा फार मोठा आहे. तरीही रक्तच सर्वस्वी जबाबदार असते तर तो शंभर भरला असता. शिवाय हे रक्ताचे देणे कोणा एका जनुकाचे नसते. अल्प प्रभावाची शेकडो जनुके, गर्भारपणी मातेस झालेला संसर्ग किंवा तिची उपासमार, प्रसूतीच्या वेळी बाळाला कमी पडलेला प्राणवायू, या सर्वांतून मेंदूची एक हळवी घडण तयार होते आणि ती वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढे पौगंडावस्थेत मेंदू आपली जोडणी नव्याने लावू लागतो, आणि नेमक्या त्याच काळात अपमान, बेकारी, जागरण किंवा गांजा यांचा भार पडला, तर डोपामीन या द्रव्याचा व्यवहार बिघडून क्षुल्लक गोष्टींतही भयंकर अर्थ दिसू लागतात. जोसेफ झुबिन आणि बॉनी स्प्रिंग यांनी 1977 साली हा विचार नेमकेपणाने मांडला: घडण जितकी हळवी, तितका थोडा ताण पुरतो.

ऑगस्ट 2019 मध्ये तिळारी नदीचे पाणी पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील काठच्या गावांत शिरले आणि केळीच्या बागायती आडव्या झाल्या, तेव्हा नुकसान पुष्कळांचे झाले. अशा आपत्तीत बहुतेक माणसे रडतात, कर्ज काढतात आणि पुन्हा लागवड करतात. एखाद्याचेच मन मोडते. त्याला दुबळा म्हणणे हा अन्याय आहे, कारण तोच भार त्याच्या मेंदूवर वेगळ्या रीतीने पडलेला असतो.

मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो तो यातून निघणारा व्यावहारिक अर्थ. जन्माची घडण बदलता येत नाही; ताण मात्र बराचसा माणसांच्या हातचा आहे. ज्या घरात रुग्णाला सतत टोचून बोलतात तेथे आजार लवकर उलटतो, असे लंडनच्या संशोधकांना आढळले. पुढे चंदीगड येथील पाहणीत आपल्याकडच्या नातेवाइकांत अशी टीका पुष्कळ कमी दिसली. ही आपली शिल्लक आहे, आणि ती आपण दोन प्रकारांनी उधळतो. मुलगा जरा शांत दिसताच आई गोळ्यांची पट्टी कपाटात ठेवून देते. आणि लग्न केले की सुधारेल अशा समजुतीने, मुलीकडच्यांपासून आजार लपवून, त्याच्यावर संसाराचा नवा भार घातला जातो. या दुसऱ्या प्रकारात एका परक्या मुलीचीही फसवणूक होते, आणि गावातील प्रतिष्ठित माणसे ती माहीत असून अक्षता टाकायला जातात, याचा मला मनस्वी संताप येतो.

बांबोळीची मानसोपचार व मानवी वर्तन संस्था औषधोपचार करील. परंतु रुग्णाचे उरलेले सर्व दिवस गावातच जायचे असतात. गोवा, सातारा आणि तामिळनाडू येथे झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष 2014 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात डॉक्टरी उपचारांच्या जोडीला स्थानिक, प्रशिक्षित सेवक रुग्णांच्या घरी जात, गोळ्यांची विचारपूस करीत, कुटुंबीयांना समजावीत. केवळ दवाखान्यातील उपचारांपेक्षा लाभ माफक पण निश्चित अधिक झाला. अशा सेवकांची कायम तजवीज आरोग्य खात्याने पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांत करावी, पंचायतींनी तिच्यासाठी रीतसर अर्ज करावेत आणि देवस्थान समित्यांनी कौलासाठी आलेल्या कुटुंबाला, देवावरचा त्याचा भरवसा न दुखविता, त्याच दिवशी त्या सेवकाचे दार दाखवावे.