आधी गुरुजी, मग गणवेश

बँकेतून निवृत्त झालेल्या आणि चार-दोन कादंबऱ्या नावावर असलेल्या माणसाकडे लोक कशाकशाचा सल्ला मागायला येतील, याचा काही नेम नाही. मुदत ठेव किती वर्षांची करावी, लग्नपत्रिकेतला मजकूर शुद्ध आहे का, इथपर्यंतची मला सवय होती. अलीकडे त्यात एका नव्या विषयाची भर पडली आहे. मुलामुलींना कराटे, ज्युदो, नाही तर आयकिडो शिकवायची हौस आता आमच्या झाडीपट्टीतल्या घरांतही आली आहे. हौस चांगलीच आहे. पण आई-वडील येतात ते मोबाइलवर सामानाची यादी घेऊन, आणि विचारतात, ‘साहेब, यातलं काय काय घेऊ?’

अशीच एक यादी परवा पाहिली. सहावीतल्या मुलीला आयकिडो शिकवायचे होते. जाड विणीचा पांढरा गणवेश, हाकामा नावाचा घोळदार पायघोळ, लाकडी तलवार, परदेशी ओक लाकडाची काठी, दोन इंग्रजी पुस्तके आणि पैसे भरून पाहायचा व्हिडिओ अभ्यासक्रम. बेरीज अकरा हजार चारशे रुपये. यादीत सगळे होते, फक्त माणूस नव्हता. ‘शिकवणार कोण?’ असे मी विचारले तेव्हा वडील सहज म्हणाले, ‘व्हिडिओ आहे ना, साहेब!’

हे उत्तर त्या एका वडिलांचे नाही. ते आज घरोघरी ऐकू येते, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहायला बसलो आहे.

बँकेत म्हशीच्या कर्जाचे प्रकरण आले की आम्ही म्हशीची किंमत नंतर पाहत असू. चारा कुठून आणणार, पाणी किती लांब, दूध कोण घेणार, हे आधी विचारत असू. ज्याच्याकडे याची उत्तरे असत, त्याला साधी गावरान म्हैससुद्धा तारून नेई. ज्याच्याकडे ती नसत, त्याच्या दारातली जातिवंत मुऱ्हासुद्धा दोन वर्षांत बाजाराला जाई. सामानाचेही तसेच आहे. वस्तूची किंमत वस्तूत नसते. ती वापरायला शिकवणारा आणि वापरायची जागा यांत असते.

आयकिडो ही जपानी विद्या मोरिहेइ उएशिबा (१८८३ ते १९६९) यांनी घडवली. आयकिडो हे नाव १९४२ पासून रूढ झाले. समोरच्याच्या जोराला जोराने अडवायचे नाही, त्याच्या ओघात वळायचे, मनगट किंवा कोपर धरून त्याचा तोल घालवायचा आणि त्याला खाली आणायचे, असे तिचे सूत्र ढोबळमानाने सांगता येईल. बहुतेक शाखांत सामने नाहीत, पदके नाहीत. दोघे जण समोरासमोर उभे राहतात. एकदा हा डाव करतो आणि तो पडतो, मग तो करतो आणि हा पडतो. म्हणजे निम्मी विद्या पाडण्याची आणि निम्मी पडण्याची. हनुवटी छातीशी घेऊन, पाठ गोल करून, डोके जमिनीला लागू न देता पडणे हा तिचा श्रीगणेशा आहे. तो एकट्याने, पडद्याकडे पाहत, शहाबादी फरशीवर गिरवायचा असतो का?

ज्युदोची जन्मभूमी जपान. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तिथे ज्युदो सुरू केला. त्या देशात १९८३ नंतरच्या सुमारे तीन दशकांत शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून अधिक विद्यार्थी दगावले. त्यांत नव्याने शिकणाऱ्यांचे प्रमाण मोठे होते आणि मुख्य कारण डोक्याला बसलेला मार हे होते. हे आकडे पुढे आल्यावर जपानमध्ये मोठी चर्चा झाली. तिथे गणवेशांची कमतरता नव्हती, गाद्याही होत्या. ज्या देशात शिक्षक, गाद्या आणि शंभर वर्षांची परंपरा असूनही पडण्याच्या शिक्षणातली हयगय इतकी महाग पडली, तिथे आपण मोबाइलच्या भरवशावर मुलांना दिवाणखान्यात उड्या मारायला सांगावे, हे कोणत्या हिशेबात बसते?

म्हणून खर्चाच्या यादीत पहिला आकडा गुरुजींच्या फीचा असावा. गुरुजी कसे पारखावेत? प्रमाणपत्रांच्या चौकटी पाहून नव्हे. वर्ग चालू असताना दोन वेगवेगळ्या दिवशी अर्धा-अर्धा तास कोपऱ्यात बसा. नवीन मुलांना पहिले काही आठवडे पडायला शिकवतात की लगेच डाव दाखवतात? दांडगा मुलगा लहानग्यावर जोर काढत असेल तर गुरुजी थांबवतात का? कुणाचे डोके आपटले तर त्याला बाजूला बसवून घरी कळवतात, की ‘काही होत नाही, ऊठ’ म्हणतात? आणि पालकांना बसूच न देणारा वर्ग असेल, तर पायांत चपला घालून सरळ घरी यावे.

आता कुणी म्हणेल, आमच्या गावात आयकिडोचा शिक्षक कुठून आणायचा? बरोबर आहे. मूल, सिरोंचा, एटापल्लीला तो कोपऱ्या-कोपऱ्यावर भेटणार नाही. मग जो चांगला शिक्षक भेटेल त्याची विद्या शिकावी. ज्युदोचा असो, कुस्तीचा असो की मल्लखांबाचा. पडणे, तोल सांभाळणे, श्वास न कोंडणे या गोष्टी सगळीकडे कामाला येतात. पुढे नागपूर-पुण्याला शिकायला गेल्यावर आयकिडो करता येईल, आणि तयार अंगाने करता येईल. विदर्भाला या बाबतीत उसनवारी करायचे कारण नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. तिथल्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी व्यायाम जगाला दाखवले होते.

दुसरा आकडा जागेचा. सिमेंटवर सतरंजी अंथरली म्हणजे गादी होत नाही. जुने लोक आखाड्याच्या मातीत तेल, ताक, हळद घालून ती मऊ ठेवत, ते काही देवाला नैवेद्य म्हणून नव्हे. आज जाड फोमच्या, एकमेकींत अडकणाऱ्या गाद्या मिळतात. एका घराला त्या महाग वाटतील. दहा घरांनी मिळून घेतल्या आणि शाळेच्या एखाद्या खोलीत टाकल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम त्या यादीतल्या नुसत्या हाकामापेक्षाही कमी भरेल. बचत गटाने आमच्या बायकांना हा हिशेब केव्हाच शिकवला आहे. व्यायामाच्या बाबतीत पुरुषांनी तो शिकायला हरकत नाही.

तिसरा आकडा कपड्यांचा, आणि तो लहान असावा. पहिले दोन-तीन महिने सैल सुती पायजमा आणि लांब बाह्यांचा जाड सदरा पुरतो. मूल टिकले तर गणवेश घ्यावा. घेताना लक्षात ठेवा, शुद्ध सुती गणवेश पहिल्या धुण्यात आटतो, म्हणून एक माप मोठा घ्यावा. ज्युदोचा दुहेरी विणीचा गणवेश मजबूत खरा, पण मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्यात तो घालून मुलीला उभे करणे म्हणजे शिक्षाच. आपल्याकडे हलकी एकेरी वीण बरी. हाकामाचे म्हणाल, तर पुष्कळ ठिकाणी काळा पट्टा मिळाल्यावरच तो घालतात. मुलीने अजून एक कोलांटी मारलेली नाही आणि घरात वाद चाललाय, हाकामा काळा घ्यावा की निळा! बाजारात तुरी म्हणतात, ते हेच.

चौथा आकडा काठीचा, आणि इथे आमच्या भागाने परदेशी ओककडे पाहावे याची मला खरोखर गंमत वाटते. आयकिडोतल्या काठीला ‘जो’ म्हणतात. ती साधारण १२८ सेंटिमीटर, म्हणजे सव्वाचार फुटांच्या आत-बाहेर असते. आमच्या जंगलात मुख्यतः मानवेल बांबू वाढतो. कोरड्या, खडकाळ उतारावरची मानवेल जवळजवळ भरीव निघते, म्हणून तर लाठी तिचीच करतात. गुराख्याच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या तीच आहे. काठी निवडताना तीन वर्षे जुना, थंडीत तोडलेला बांबू बघावा. कोवळा आणि पावसाळ्यात तोडलेला असेल तर घुण लागतो. गाठी जवळजवळ असाव्यात आणि घासून सपाट केलेल्या असाव्यात. सावलीत वाळवून वर जवसाचे तेल चोळावे. वाकडेपणा असला तर मंद आचेवर शेकून सरळ करता येतो, आमचे बुरूड ते लीलया करतात. मात्र जोडीने काठीवर काठी आपटायची असेल तर बांबूला चीर गेली आहे का, हे दर खेपेला पाहावे. त्याची शिलक डोळ्यात जाऊ शकते. लाकडी तलवारीसाठी साग घेऊ नये. साग मल्लखांबाला उत्तम, घाव सोसायला धामण किंवा तिवस बरा. कुऱ्हाडीच्या दांड्याला काय वापरता, एवढेच सुताराला विचारा.

काठी विकत घेतानाही जंगलाचे भान ठेवावे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होती. जंगलाबाहेरचा बांबू मोकळा व्हावा म्हणून २०१७ मध्ये ती काढून टाकण्यात आली. त्याआधी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आपला सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने गावाच्या हाती आले. अशा ग्रामसभेचा किंवा बुरुडाचा बांबू घेतला तर आपले शे-दोनशे रुपये योग्य घरात जातात. रस्त्याच्या कडेच्या जंगलातून गुपचूप तोडून आणलेल्या काठीवर संयमाची विद्या शिकवायची, हे काही खरे नाही.

आता पुस्तके. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात याच जंगलातला बांबू कित्येक दशके गेला. म्हणजे लाठी आणि पुस्तक ही एकाच बेटातली भावंडे. मी पुस्तके लिहिणारा माणूस, तेव्हा पुस्तकाविरुद्ध बोलणार नाही. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात मराठीत दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ सिद्ध केला. इतके मोठे काम आपल्या भाषेत झाले आहे, हे किती घरांना ठाऊक आहे? जुन्या ग्रंथालयात तो मिळाला तर मुलांना नुसती चित्रे दाखवा, तास कसा जाईल कळणार नाही. आयकिडोवर इंग्रजीत वेस्टब्रुक आणि रात्ती यांचे १९७० चे ‘आयकिडो अँड द डायनॅमिक स्फिअर’ आहे, त्यातली रेखाचित्रे फार बोलकी आहेत. पुस्तक निवडताना एक कसोटी लावावी. पावले कुठून कुठे गेली हे चित्रात दिसते का? नुसते शेवटच्या क्षणाचे रुबाबदार छायाचित्र असेल तर ते भिंतीला लावायच्या लायकीचे, शिकायच्या नव्हे.

आणि पुस्तकाची जागा कोणती, हे खुद्द उएशिबांच्या उदाहरणावरून कळते. त्यांचे ‘बुदो रेनश्यू’ हे सचित्र पुस्तक १९३३ चे. ते दुकानात विकायला नव्हते, शिकून तयार झालेल्या शिष्यांच्या हाती दिले जाई. आधी अंगाला कळले पाहिजे, मग अक्षराला अर्थ येतो.

व्हिडिओलाही हाच नियम. १९३५ मध्ये ओसाकाच्या असाही वृत्तपत्राने उएशिबांचे चित्रण केले होते. ते आज फुकट पाहता येते, आणि जरूर पाहावे. शास्त्रीय गाणे शिकणारा थोरामोठ्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकतो, तसे. पण ध्वनिमुद्रिकेने कुणाचा षड्ज लागत नाही. पडद्यावरचा गुरू तुमच्याकडे पाहत नसतो. तुमच्या मुलीची टाच उचलली गेली, मान ताठ राहिली, हे त्याला दिसत नाही. वर्गात या आठवड्यात जे शिकवले तेवढेच व्हिडिओत पाहावे, पुढचे नको. तोच डाव दोन बाजूंनी, सावकाश, पुन्हा पुन्हा दाखवणारा व्हिडिओ चांगला. पडणारा कसा पडतो हे दाखवणारा त्याहून चांगला.

आणि ‘पाच डाव शिका, मुलगी सुरक्षित करा’ असे सांगणारा व्हिडिओ सर्वांत वाईट. या मुद्द्यावर मी थोडा कठोर होतो. आमच्या भागातल्या किती तरी मुली शाळेसाठी रानातल्या रस्त्याने सायकलने जातात. त्यांच्या आई-वडिलांची काळजी खरी आहे, आणि त्याच काळजीवर हा बाजार चालतो. पडद्यावर पाहिलेला डाव प्रत्यक्षात मनगट धरले गेल्यावर आठवत नाही. उलट, येतो अशा समजुतीने मुलगी पळायची ती उभी राहते. भीतीपेक्षा खोटा धीर घातक. वर्षभर आठवड्यातून दोनदा कुणीतरी खरोखर मनगट धरले, खरोखर ओढले, आणि ती घाबरली नाही, ओरडली, सुटली, धावली, तर तो धीर तिचा स्वतःचा. तो मोबाइलवरून मागवता येत नाही.

त्या अकरा हजार चारशेची मी वेगळी मांडणी करून दिली. वर्षाची फी, गाद्यांतला वाटा, बसभाडे, एक साधा गणवेश, एक मानवेलीची काठी. पुस्तक वाचनालयातून, व्हिडिओ फुकटचा. एवढे करूनही काही रक्कम शिल्लक उरली. तिचे काय करावे, असे वडिलांनी विचारले. मी म्हणालो, मुलीच्या आईचीही फी भरा.