ढोलकी आत, ढोलकीवाला बाहेर



या वेळी संपादकीयात मोर्चा नाही, मंत्री नाही. तमाशा आहे. काही पोरांनी आत्ताच नाकं मुरडली असतील. मुरडा. नोकरी लागली, ब्लॉकमध्ये राहायला गेलं की आपल्यातल्याही काहींना ढोलकी ऐकून खिडकी लावून घ्यावीशी वाटते. त्यांच्यासाठीच लिहितोय.

मी न्हावाशेव्याला लॅशिंगवर आहे. जहाजावर कंटेनर एकावर एक चढले की लोखंडी रॉड लावून त्यांना जखडायचं, परत जहाज लागलं की सोडवायचं. रात्रपाळीला क्रेन बंद पडली की अर्धा तास मिळतो आणि म्हातारे कामगार बोलायला लागतात. पगाराचं थोडं, गुडघ्यांचं थोडं, आणि कुठं कुणाला बघितलं त्याचं सगळ्यात जास्त. एकानं पोरवयात बापाच्या खांद्यावर बसून 'गाढवाचं लग्न'मधला दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार बघितलेला. एकानं वामनदादा कर्डकांना चाळीच्या पटांगणात ऐकलेलं. एकाला प्रल्हाद शिंदे भेटलेले, तो त्यांचा आवाज काढून दाखवतो, बरा काढतो.

ही माणसं इथं कशी आली ते बघा. माझा बाप जुन्नर तालुक्यातला. मस्जिद बंदरला गोण्या उचलायला आला तेव्हा सुट्टीच्या दिवशी लालबागचं हनुमान थिएटर गाठायचा. नेराळ्यांचं ते थिएटर गिरणगावाच्या पोटात होतं, पाळी सुटलेला कामगार तिकीट काढून सरळ आत बसायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरण्या मग धड चालल्याच नाहीत आणि तिकीट काढणारा हात आटत गेला. पुढं थिएटरही बंद पडलं. इकडं घाऊक बाजार मुंबईतनं तुर्भ्याला आला, त्याच्या मागोमाग माथाडी कामगार खाडी ओलांडून आला. १९७० साली निघालेल्या सिडकोनं हे शहर कागदावर आखलं. सेक्टर, शाळा, स्टेशन, मार्केट सगळं पट्टी लावून. तमाशाचा प्रेक्षक गोणीसकट इकडं आणला, त्याचं थिएटर मात्र कुठल्याच नकाशात बसलं नाही.

वाशीला नाट्यगृह आहे. विष्णुदास भाव्यांचं नाव आहे त्याला, ज्यांनी १८४३ ला सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं. असू द्या. पण १८५५ ला 'तृतीय रत्न' लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडनं नाकारून घेणाऱ्या जोतिबा फुल्यांचं नाव या दारावर नाही, हे तिथनं जाताना दर वेळी टोचतं.

मी स्वतः नाट्यगृहात बसून बघितलेला पहिला मोठा माणूस म्हणजे विठ्ठल उमप. पाचवीत होतो. बापाला कुणीतरी दोन पास दिलेले, 'जांभूळ आख्यान'चे. एसी, गुबगुबीत खुर्च्या. बाप खुर्चीच्या टोकावर बसला होता, कुणीतरी येऊन उठवेल असा. मग उमप आले. पंच्याहत्तरी उलटलेला म्हातारा. पदर घेतल्यासारखा हात फिरवला आणि समोर द्रौपदी उभी. पाच नवऱ्यांची बायको, आणि तिच्या मनात भरतो कोण, तर कर्ण! कूळ विचारून भर सभेत ज्याचं तोंड बंद केलं तो कर्ण. उमपांचा आवाज चढला तसा बाप हळूहळू मागं सरकला आणि पाठ टेकून बसला. मी स्टेजकडं कमी आणि बापाकडंच जास्त बघत होतो. २६ नोव्हेंबर २०१० ला नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच उमप गेले. ती बातमी घरात कळली तेव्हा बाप जेवला नाही.

नंतर संभाजी भगतांचं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' असंच आत बसून बघितलं. २०१२ चं नाटक, जालन्याकडची खेड्यातली पोरं स्टेजवर. बस्स. दोनदा. बाकी आपले सगळे मोठे कलावंत मी उघड्यावर बघितलेत. जयंतीच्या मैदानात, रस्ता अडवून घातलेल्या स्टेजवर, जत्रेच्या तंबूत.

कला मात्र आत गेली, मित्रहो. गण-गौळण, बतावणी, वग, सगळं गेलं. १९४४ ला अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं. गणातनं गणपती उठवला आणि तमाशा कामगाराच्या तोंडी दिला. खेर सरकारनं तमाशावर बंदी घातली तेव्हा तोच माल 'लोकनाट्य' म्हणून उभा राहिला. हा शब्द मग पांढरपेशांना फार सोयीचा पडला. १९६५ ला 'विच्छा माझी पुरी करा' आलं, हाऊसफुल्लचे बोर्ड लागले. (दादा कोंडके गिरणगावातले, त्यांना कुणी सदाशिवपेठी म्हणू नये.) १९७२ ला 'घाशीराम कोतवाल' आलं आणि लोककलेचा साज परदेशापर्यंत जाऊन आला. वाईट नाटकं नव्हेत ती. प्रश्न एवढाच की त्याच काळात विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर कुठं होती? तंबूत होती.

विठाबाईची एक गोष्ट सगळे सांगतात. खेळ चालू असताना आत बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली, परत नाचायला उभी राहिली. भाषणात ही गोष्ट आली की टाळ्या पडतात. मला टाळी वाजवता येत नाही. ज्या धंद्यात ओली बाळंतीण स्टेजवर उभी राहते त्या धंद्याला रजा नव्हती, विमा नव्हता, कायदा नव्हता, असा त्याचा सरळ अर्थ आहे. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झालेली ही बाई शेवटी हलाखीत १५ जानेवारी २००२ ला गेली. मग तिच्या नावानं सरकारी जीवनगौरव पुरस्कार निघाला.

तिची पोरगी मंगला बनसोडे, तिचा फड मी गावच्या जत्रेत बघितलाय. पुढच्या रांगेत शिट्ट्या, मागं जनरेटरचा धूर. पन्नाशी उलटलेली बाई आली, ढोलकीवाल्याकडं बघून नुसती मान हलवली आणि दोन मिनिटांत तंबू तिच्या मुठीत. वग पहाटेपर्यंत चालला. उजाडल्यावर मी मागं गेलो तर रात्रीच्या राण्या आणि शिपाई मिळून कनातीचे दोर सोडत होते, ट्रक भरत होते. पुढचं गाव गाठायचं होतं. २०२० आणि २०२१ ला जत्राच बंद झाल्या तेव्हा अशा कित्येक कलावंतांना शेतावर, बिगारीवर जावं लागलं.

आता आपल्यातला जुना आक्षेप. पठ्ठे बापूरावांनी तमाशाचा पैसा चळवळीसाठी देऊ केला आणि बाबासाहेबांनी तो नाकारला, मग आपण तमाशाला कशाला जवळ करायचं? नाकारला, आणि बरोबर नाकारला. आपल्या बायांना नाचवून मिळालेल्या पैशाला हात लावला नाही. पण त्याचा अर्थ त्या बायांची नावं पुसा असा कुठनं निघाला? बापूराव म्हणजे श्रीधर कुलकर्णी, ब्राह्मण. त्यांच्या नावानं आजही पुरस्कार दिले जातात. ज्या पवळेनं फड उभा केला ती महाराची पोर फक्त 'पवळा' राहिली. शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित बायांवर २०२२ ला इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं, २०२४ ला त्यांना अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. तिकडं वाचलं जातंय. इकडं मंडळाच्या बैठकीत पवळाचं नाव काढलं की पोरं हसतात.

मागच्या वर्षी आम्ही चौघं एका सभागृहाची तारीख मागायला गेलो. जलसा म्हणल्यावर खिडकीतल्या माणसानं विचारलं, "पब्लिक कसलं येणार? पिऊन येणार का?" नाटकवाल्याला हा प्रश्न कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. तारीख मिळाली नाही. यंदा लेखी अर्ज करायचा, पोच घ्यायची, नकार आला तर तोही लेखी घ्यायचा आणि अंकात छापायचा.

दुसरं, चौदा एप्रिलचं. मागच्या साली वर्गणीतला निम्म्याहून जास्त पैसा डीजेच्या गाडीवर गेला. आजूबाजूच्या तान्ह्या पोरांचे कान आणि आपली गाणी, दोन्हींची वाट लागली. येत्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे: डीजे बंद, त्या पैशात जलसा आणि एक ढोलकी फड, कलावंताची पूर्ण सुपारी आगाऊ, बायांना कपडे बदलायला कुलपाची खोली, आणि पुढं येऊन नोटा उडवणाऱ्याला बाहेर. आडवे येणारे आहेत, त्यांची नावं मला तोंडपाठ आहेत. हात वर करायला या.

आणि पुढच्या अंकापासून दोन पानं राखून ठेवलीत. घरात, नाक्यावर, धक्क्यावर ज्या म्हाताऱ्यांनी ही माणसं बघितली त्यांच्याकडं वही घेऊन बसा. कुणाला बघितलं, कुठं, कुठल्या साली, तिकीट किती, सोबत कोण होतं. वग आठवत असेल तर गोष्ट लिहून घ्या. बायांना विसरू नका, त्यांनी कनातीच्या फटीतनं बघितलेलं असतं. शुद्धलेखन आम्ही बघू. माझ्या बापाचं मी लिहून घेतोय, सात पानं झाली आणि गडी अजून विठाबाईच्या पहिल्याच रात्रीत आहे.