सातबारा कोणाच्या नांवचा?

जुन्नर-आंबेगांवांतील कोणत्याहि बागाईत घरांत जाऊन पाहावें. रोपें कोणीं लावलीं? तारेवर टोमॅटो कोणीं बांधला? तोडणी, प्रतवारी, कॅरेट भरणें, बराखींतला सडका कांदा निवडणें, दोन वेळां डेअरीला दूध घालणें, हीं कामें कोणाचीं? सासू हंगाम ठरविते, सून मजूर बायांची टोळी चालविते, नात मोबाईलवर बाजारभाव वाचून दाखविते. आणि सोसायटींत शेतकरी म्हणून खुर्ची अडवितो तो धनी. कोणत्या वाफ्यांत कोणतें बियाणें पडलें हें त्याला बायकोस विचारावें लागतें!

2023 च्या जुलईंत टोमॅटोचा भाव कडाडला, तेव्हां जुन्नर तालुक्यांतील एका कुटुंबाच्या लाखों रुपयांच्या कमाईची बातमी गाजली. शेतकरी म्हणून नांव झालें सासऱ्याचें. लागवड, तोडणी व पॅकिंग सून पाहते, हें त्याच बातमींत खालीं कोठें तरी होतें.

नांवांत काय आहे, असें कोणी म्हणेल. नांवांत सगळें आहे. सातबाऱ्यावर नांव नाहीं तर पीककर्ज नाहीं, कीं गारपिटीची नुकसानभरपाई नाहीं. ऊस कापणारी ती, पण कारखान्याचा सभासद तो. सहकाराच्या कायद्यानें संचालक मंडळावर बायकांना दोन जागा राखल्या; पण सभासदांच्या यादींतच बाया थोड्या, मग त्या जागांवर पुढाऱ्यांच्या घरच्या मंडळी बसल्या तर नवल कसलें? 2015-16 च्या कृषिगणनेंत देशांतील वहितीदारांत बाया शेंकडा सुमारें 14 भरल्या. संयुक्त राष्ट्रसंघानें 2026 साल स्त्री-शेतकऱ्यांचें म्हणून जाहीर केलें तें ठीक. तलाठ्याच्या दप्तराला तें अजून कळावयाचें आहे.

कायदा नाहीं असें नाहीं. 1994 सालीं महाराष्ट्रानें हिंदु कुटुंबांतील लेकीला वडिलार्जित जमिनींत लेकाबरोबर वांटा दिला (आधीं लग्न झालेल्या लेकी तेवढ्या वगळल्या!). 2005 सालीं देशभर तसा कायदा झाला. 2020 सालीं सुप्रीम कोर्टानें सांगितलें कीं, 2005 पूर्वींच बाप वारला असला तरी लेकीचा हक्क जन्माचा आहे. मग आम्हीं काय केलें? बहिणीला दिवाळीस बोलावून चोळीबांगडी केली व हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली! भटानें आमच्या हातीं पोथी दिली नाहीं म्हणून आम्ही दोन पिढ्या ओरडलों. तोच सोंवळेपणा आम्हीं सातबाऱ्याला लावला, तो कोणत्या भटानें शिकविला?

आंबेगांवाच्या शेजारीं, खेड तालुक्यांतील आंबेठाणला, शरद जोशी यांनीं बिऱ्हाड केलें. त्यांच्या शेतकरी संघटनेनें 1986 सालीं चांदवडला बायकांचें प्रचंड अधिवेशन भरविलें. पुढें 'लक्ष्मीमुक्ती'ची हांक दिली. ज्या गांवांत शंभर कारभारी बायकोच्या नांवें जमीन करतील तें लक्ष्मीमुक्तीचें गांव. 1992 सालीं सरकारनेंहि बायकोचें नांव सहखातेदार म्हणून लावण्याची सोय केली. आमच्या किती पुढाऱ्यांनीं तो अर्ज भरला, तें त्यांनीं भर ग्रामसभेंत सांगावें.

आमच्या शाळेंत पालकसभेला आईच येते. तिला शेतीबद्दल विचारा, ती म्हणते, "गुरुजी, आमच्या ह्यांची शेती हाय." कारभारी चावडीवर म्हणतो, "बाईच्या नांवें केली तर ती विकून माहेरीं जाईल." बरें! पुणें-नाशिक रस्त्याकडेच्या ज्या जमिनी गुंठे पाडून विकल्या गेल्या, त्यांच्या खरेदीखतांवर अंगठे आणि सह्या कोणाच्या आहेत, तें कारभाऱ्यानें दुय्यम निबंधकाकडे जाऊन एकवार पाहून यावें.